उजव्या वळणाला

"या घोडीला उजवं वळण चालत नाही," सईदकाका पिकअपमधून उतरत म्हणाले. "सरळ चालतं, डावं चालतं. उजवीकडे घेतली गाडी की आत नुसता धिंगाणा. आज फलटणच्या माणसाकडे पोचवतो आणि सुटतो एकदाचा. तू तेवढी ही लाल बत्ती बघून दे, शालन. ब्रेकशिवाय एवढ्या लांब जायला नको वाटतं."

ते बोलत असतानाच मागच्या ट्रेलरच्या पत्र्यावर आतून खुराचा दणका बसला. सईदकाकांनी तिकडे बघितलं नाही. एरवी घोडं नुसतं फुरफुरलं तरी मान वळवणारा माणूस.

पसरणी घाट सुरू होण्याआधी, वाईकडून येताना डाव्या हाताला आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पाटीवर आप्पांचं नाव, वामन सुतार, आणि गिऱ्हाइकांच्या तोंडीही तेच. सासर सोडून मी परत आले त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. सुरुवातीला घरात जीव रमेना म्हणून नुसती दुकानात येऊन बसायची. मग हातात पक्कड आली, मग टेस्टर आला, मग मीटर. कामं मी करायला लागले तरी गाडी लावणारा आधी विचारायचा, "आप्पा आहेत ना?" आप्पा आहेत म्हटल्यावरच चावी द्यायचा.

सईद बागवान पाचगणीचे, आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. घोडे हाच त्यांच्या घरचा धंदा. टेबललँडवर पर्यटकांना फिरवायचं, वरातीला घोडी द्यायची, वाईला शूटिंग असलं की तिथे घोडे पुरवायचे. पुण्याकडचा एक फार्म बंद झाला तेव्हा त्यांनी तिथला घोडा न्यायचा ट्रेलर आणला होता. दोन चाकांचा, बंदिस्त, बाहेरच्या देशातला. त्याच्या चाकांना स्वतःचे ब्रेक होते, विजेवर चालणारे. पिकअपच्या डॅशबोर्डखाली एक डबी बसवायची, मॉड्यूल म्हणतात तिला. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवला की ती डबी मागे करंट सोडते आणि ट्रेलरची चाकं आवळली जातात. हे चालत नसेल तर घाट उतरताना ट्रेलर आणि घोड्याचं सगळं वजन पिकअपच्या पाठीवर येतं.

"साताऱ्याला नवीन मॉड्यूल टाकून घेतलं," सईदकाका सांगत होते. "तरी तेच. ब्रेक दाबला की त्या डबीवर लाल बत्ती."

"मग नवीनच खराब निघालं असेल," आप्पा मान वर न करता म्हणाले. दाराशी खुर्ची टाकून ते एका स्टार्टरचे ब्रश बदलत होते. हल्ली ते स्टार्टर आणि डायनामोच हातात घ्यायचे. वायरिंगचं काही आलं की म्हणायचे, "शालन, तू घे," आणि माझी छाती फुगायची. इतक्या वर्षांनी बापाला माझ्या हाताचा भरवसा वाटायला लागला, असं वाटायचं.

मी पिकअपचा प्लग सोडवला. ट्रेलरला जोडायच्या त्या प्लगमध्ये सात पिना असतात. दिवे, इंडिकेटर, ब्रेक, अर्थिंग, प्रत्येकाची जागा ठरलेली. सईदकाकांना आत बसवून मी एकेक करून सगळं लावायला सांगितलं आणि एकेका पिनेवर टेस्टर धरला. सगळं जागच्या जागी येत होतं. ब्रेक दाबला की ब्रेकच्या पिनेवर करंट येत होता, जोरात दाबला की वाढत होता.

"काका, तुमचं मॉड्यूल चांगलं आहे. जुनंही चांगलंच असणार. गडबड ट्रेलरमध्ये आहे."

"ट्रेलरमध्ये काय असणार? दिवाळीच्या आधी तुझ्या बापानेच अख्खी केबल नवी घातली ना. जुनी उंदरांनी खाल्ली होती. तो साताऱ्याचा मेकॅनिकसुद्धा ट्रेलरच्या नाकावरची पेटी उघडून बघत राहिला. म्हणाला, चाचा, इतका देखणा जोड मी बघितला नाही, इथे हात लावायचं कामच नाही."

खरं होतं ते. आप्पांचा जोड आमच्या भागात कुणीही ओळखला असता. तार पिळायची, कथिलाचा डाग द्यायचा, वर टेप, आणि टेपवर मेण लावलेला दोरा एकाला एक चिकटून गुंडाळायचा. पावसात, चिखलात, दहा वर्षांनीही तो सुटत नसे. मीही त्या पेटीला हात लावला नाही.

आतून पुन्हा दणका बसला.

"काका, एक सांगा. आधी हिसका बसतो का आधी ती लाथ मारते?"

"म्हणजे काय? ती लाथा मारते म्हणून हिसके बसतात."

"तुम्ही बघितलंय?"

"मी पुढे गाडी चालवणार की मागे बघणार?"

"मग मी बघते. आत बसते."

"शालन," आप्पा एकदम म्हणाले, "आत बसायचं नाही."

"का?"

आप्पांनी मांडीवरचा स्टार्टर बाजूला ठेवला.

सईदकाकांनाही ते पटत नव्हतं. पण मी हट्ट धरला. ट्रेलरला पुढच्या बाजूने एक अरुंद दार होतं, घोड्याच्या तोंडाशी माणूस उभा राहील एवढीच जागा. मध्ये छातीच्या उंचीवर लोखंडी दांडा. मी आत शिरले आणि घोडीने, कस्तुरीने, माझ्याकडे बघितलं. बदामी रंगाची, कपाळावर पांढरा टिळा. घामाने मान ओली झाली होती. मागे मांड्यांच्या वर, पुठ्ठ्यावर लांबट वळ दिसत होते, एकावर एक. कशाला तरी घासली असेल, असं मी धरून चालले. घोड्यांतलं मला काही कळत नाही. मी तिच्या नाकाशी हात नेला तेव्हा तिने माझ्या हातावर गरम श्वास सोडला, बस्स.

गाडी निघाली. मोकळा रस्ता, सकाळची वेळ, वर्दळ नव्हती. कस्तुरी पाय फाकवून, तोल सांभाळत शांत उभी होती. डावीकडे वळलो. ती थोडी झुकली, सावरली. मला वाटलं, ही तर माझ्यापेक्षा शहाणी आहे.

मग चाकांनी रस्ता धरला. सोडला. परत धरला. परत सोडला. मी दांड्यावर आदळले. कस्तुरीचे पुढचे पाय घसरले, तिने कसंबसं अंग मागे ओढलं, तोवर पुढचा हिसका आला. तिच्या डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं. आणि मग, इतकं झाल्यावर मग, तिने लाथ झाडली.

हिसके सारख्या अंतराने येत होते. धर, सोड, धर, सोड. घोडं असं ठेक्यात लाथा मारत नाही. असल्या ठेक्यात गाडीतली एकच गोष्ट चालते. भिंतीतल्या छोट्या खिडकीतून मी पिकअपकडे बघितलं. पुढचा बैलगाडीवाला ओलांडायला सईदकाकांनी उजवा इंडिकेटर लावला होता.

मी पत्र्यावर मुठी आपटल्या. गाडी थांबली.

"काका, मागे फिरा. उजवीकडचा इंडिकेटर लावायचा नाही. आणि हळू चला."

"काय झालं?"

"दुकानात चला, मग सांगते."

दुकानासमोर आल्यावर कस्तुरीला उतरवून आम्ही चिंचेच्या झाडाला बांधलं. तिचे पाय थरथरत होते. मी ट्रेलरला जॅक लावून एक चाक उचललं, हाताने फिरवलं आणि सईदकाकांना म्हटलं, उजवा इंडिकेटर द्या. चाक जागच्या जागी आवळलं. सुटलं. आवळलं. सुटलं.

"आता बंद करा. ब्रेक दाबा. नीट जोरात."

चाक माझ्या हाताखाली गरगर फिरत राहिलं. ट्रेलरच्या मागे उजव्या कोपऱ्यातला इंडिकेटरचा दिवा तेवढा लागला.

सईदकाका उतरून माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. मी परत चाक फिरवलं. ते फिरत राहिलं आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. दिवाळीपासून ते या ट्रेलरमध्ये घोडी घालून पसरणीचा घाट उतरत होते. ब्रेकवर पाय ठेवल्यावर एकदाही मागचा ब्रेक लागला नव्हता.

"या अल्लाह," ते हळूच म्हणाले.

आता एकच जागा उरली होती. ट्रेलरच्या नाकावरची पेटी मी उघडली. आप्पांच्या हातचे ते सुरेख जोड, दोरा जसाच्या तसा. मी दोन जोडांवरचा दोरा कापला, टेप सोलली. केबलमधली निळी तार ट्रेलरच्या हिरव्या तारेला जोडलेली होती, आणि हिरवी निळीला. निळी म्हणजे ब्रेक. हिरवी म्हणजे उजवा इंडिकेटर. हे रंग आप्पांनीच मला शिकवले होते, अगदी पहिल्या आठवड्यात.

"काय आहे?" सईदकाकांनी विचारलं.

आप्पा खुर्चीत बसून होते. आमच्याकडे बघत होते, पण उठले नव्हते.

माझ्या तोंडून शब्द आपोआप निघाले. "काही नाही काका. जोड ढिला झाला होता. हादऱ्यांनी तारा एकमेकींना लागल्या."

"ढिला?" आप्पा म्हणाले. "माझा जोड ढिला होत नाही."

ते उठले. चालत आमच्यापाशी आले, माझ्या हातातून तारा घेतल्या आणि बोटांनी चाचपल्या. "हा बघ. घट्ट आहे. हाताने तुटायचा नाही." मग ते थांबले. तारा उन्हाकडे धरल्या, जवळ आणल्या, लांब नेल्या. खूप वेळ.

"शालन," शेवटी त्यांनी विचारलं, "यातली निळी कुठली?"

मी बोट लावून दाखवलं. त्यांनी मान हलवली, एखादा पत्ता विचारून घ्यावा तशी.

सईदकाका एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "म्हणजे? वामन, तुला दिसत नाही?"

"दिसतं. तू दिसतोस, घोडी दिसते. निळं आणि हिरवं एकच दिसतं. वर्ष होत आलं." आप्पा सावकाश बोलत होते. "टेस्टर लावून बघितला होता मी. सगळ्या तारांवर दिवा लागला. म्हटलं, झालं असेल बरोबर."

"झालं असेल?"

आप्पांनी हातातल्या तारा सोडून दिल्या.

"अरे, मला सांगायचंस. मी दुसरीकडे नेला असता. ह्या पोरीकडून करून घेतला असता. तुझ्या दुकानातच होती ना ती?"

"होती."

मला वाटलं, आता काका ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वळले आणि चिंचेखाली कस्तुरीजवळ गेले. तिच्या पुठ्ठ्यावरच्या वळांवरून त्यांनी हात फिरवला तशी ती अंग चोरून बाजूला सरकली. त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"मी मारलंय हिला," ते आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले. "जनावर बिघडलं म्हणून मारलं. माझ्या बापाने कधी घोड्यावर हात उचलला नाही, मी उचलला नव्हता. दर वेळी उतरवलं की मारायचो. आणि तिचं काही नव्हतंच. ती सांगत होती मला."

मी तारा नीट जोडून दिल्या. निळीला निळी, हिरवीला हिरवी. चाक फिरवून, ब्रेक दाबून, इंडिकेटर लावून सगळं परत परत तपासलं. मॉड्यूलवरची लाल बत्ती गेली. पण कस्तुरी ट्रेलरच्या चढायच्या फळीवर पाय ठेवायला तयार होईना. सईदकाकांनी जबरदस्ती केली नाही. फलटणच्या माणसाला फोन करून सांगितलं, घोडी विकायची नाही. मग पिकअप आणि ट्रेलर आमच्याच दारात सोडून, लगाम हातात धरून ते घाटाच्या रस्त्याला लागले. पाचगणीपर्यंत पायी. आप्पांकडे त्यांनी बघितलं नाही.

पहिल्या वळणाआड ते दोघं दिसेनासे झाले तोवर आप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते.

"मला तरी सांगायचं," मी म्हटलं.

"तुला सांगितलं असतं तर तू मला काम करू दिलं नसतंस."

"मग काय झालं असतं?"

"लोक तुझ्याकडे गाडी देत नाहीत, शालन. माझ्याकडे देतात आणि करतेस तू. म्हटलं, अजून थोडे दिवस रेटू. तुझं नाव झालं की मग मी बाजूला होईन." ते खुर्चीत बसले. "वायरिंग तुझ्याकडेच ढकलत होतो. पण सईदने केबल आणली तेव्हा म्हणाला, वामन, तूच कर, मला तुझा हात पाहिजे. नाही म्हणवेना."

म्हणजे "तू घे" याचा अर्थ तो होता. मला राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले. जीपवाले, रिक्षावाले, टेम्पोवाले सगळे तिथे जमतात. तिथे त्यांनी उभं राहून सांगितलं की माझी नजर गेलीय, रंग कळत नाहीत, मागच्या वर्षात ज्यांच्या वायरी मी जोडल्यात त्यांनी गाडी दुकानात आणून शालनला दाखवावी. मला हे एका रिक्षावाल्याकडून कळलं. तो सांगत होता की आप्पांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

काही गाड्या आल्या. काही आल्याच नाहीत, आणि ती माणसं पुन्हा कधी आमच्याकडे फिरकली नाहीत. आलेल्यांतल्या एका जीपमध्ये अशीच उलटी जोडलेली तार सापडली, दिव्यांची, फार धोक्याची नव्हे. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढे बरेच महिने दुकान ओस होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखरेने आतला पडदा खराब केलाय, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते जपा. आप्पांनी विचारलं, वर्षभर आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, आता ते कशाला विचारता.

सईदकाकांचा पुतण्या येऊन पिकअप आणि ट्रेलर घेऊन गेला. काका आले नाहीत. पुतण्या म्हणाला, काका रोज सकाळी ट्रेलर मैदानावर नेऊन उभा करतात, मागची फळी उघडी टाकतात, आत गवत ठेवतात, आणि कस्तुरीला मोकळी सोडून नुसते उभे राहतात. ती जवळ येते, हुंगते आणि निघून जाते. लोक हसतात त्यांना.

हे ऐकल्यापासून आप्पा सकाळी लवकर उठून एसटीने पाचगणीला जायला लागले. मी विचारलं, काका बोलले का? "नाही." मग तिथे काय करता? "बसतो." दुपारी परत यायचे, जेवायचे आणि दुकानाच्या दारात बसायचे. कुणी गाडीवाला त्यांना बघून थांबला आणि म्हणाला, आप्पा जरा बघता का, तर मोठ्याने सांगायचे, "मला दिसत नाही. आत माझी लेक आहे, ती बघेल." सुरुवातीला ते ऐकलं की मला कसंतरी व्हायचं. मग सवय झाली. गिऱ्हाइकांनाही झाली.

थंडी संपत आली होती तेव्हा एकदा दुकान बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर गेले. आप्पांना आता पायरी उतरताना हात धरावा लागत होता. मैदानाच्या कडेला ट्रेलर उभा होता, फळी जमिनीला टेकलेली. सईदकाका फळीपासून थोडे लांब, हात मागे बांधून उभे. आप्पा नेहमीच्या सरावाने एका दगडावर जाऊन बसले. मी आप्पांच्या मागे उभी राहिले.

कस्तुरी लांब चरत होती. चरता चरता जवळ आली. फळी हुंगली. पुढचा एक पाय फळीवर ठेवला, लाकूड वाजलं तशी काढून घेतला. सईदकाका हलले नाहीत. तिने परत पाय ठेवला. मग दुसरा. लाकडावर खुरांचा आवाज झाला, संथ, एकामागून एक, आणि तिचं बदामी अंग ट्रेलरच्या अंधारात शिरलं. आतून गवत ओढल्याचा आवाज यायला लागला.

आप्पांनी मान उंचावली होती. एवढ्या लांबचं त्यांना आता नीट दिसत नव्हतं.

"गेली?" त्यांनी विचारलं. मला नव्हे, समोर.

सईदकाकांनी फळी उचलायला हात पुढे केला नाही. ट्रेलर तसाच उघडा राहू दिला. मग सावकाश चालत आले आणि आप्पांच्या शेजारी त्याच दगडावर बसले.

"गेली," ते म्हणाले.